भुयार आणि घड्याळ

जयपूरच्या मानसरोवर भागात मी भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी सातला लॅपटॉप सुरू करायचा, प्रकाशकाची पानं उतरवून घ्यायची आणि प्रुफं तपासायला बसायचं, असा माझा दिनक्रम. काही दिवशी मात्र वेगळंच व्हायचं. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं सुरळीत. मग चहाचं आधण ठेवून परत यावं तर सगळं ठप्प. पान उघडत नाही, मेल येत नाही. आणि दुपारी साडेबाराच्या सुमाराला, कुणी हात लावलेला नसताना, सगळं पुन्हा सुरू.

पहिला संशय ब्रॉडबँडवर. खाली घरमालकांकडे गेलो तर त्यांचा नातू कार्टून बघत लोळत होता. ‘अंकल, नेट तो चल रहा है,’ एवढं म्हणून त्याने मान पुन्हा पडद्याकडे वळवली. वर येऊन मी व्हीपीएन बंद केलं. नेट लगेच आलं. म्हणजे दुखणं व्हीपीएनमध्ये होतं.

व्हीपीएनचं वर्णन करताना सगळे जण बोगद्याची उपमा देतात. जयपुरात ती उपमा पायाखाली सापडते. आमेरच्या महालापासून वरच्या टेकडीवरच्या जयगडापर्यंत एक जुनी वाट आहे. शत्रू आला तर राजघराण्याने महालातून निसटून भक्कम गडात जावं म्हणून बांधलेली. आता तिथून पर्यटक चालत जातात. तिथले लोक तिला ‘सुरंग’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द दचकवतो, कारण सुरुंग म्हटलं की आपल्याला दगडाच्या खाणीतला बार आठवतो. म्हणून मी आपला ‘भुयार’ म्हणतो. या भुयाराची गंमत अशी, की ते सगळंच झाकलेलं नाही. काही भाग जमिनीखाली, तर काही भाग दोन्हीकडे भिंती आणि वर उघडं आकाश. ही उघड्या छताची वाट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संगणकातल्या भुयाराचं काम सांगायला सोपं आहे. तुमच्या यंत्रातून निघणारं प्रत्येक पॅकेट एका कुलूपबंद पाकिटात घालायचं आणि पाकिटावर एकच पत्ता लिहायचा, भुयाराच्या पलीकडच्या तोंडाचा. तिथलं यंत्र पाकीट फोडतं आणि आतलं पॅकेट खऱ्या पत्त्यावर धाडतं. वाटेतल्या कुणालाही, मग तो कॅफेचा वायफाय असो की ब्रॉडबँडवाला, दिसतात ती एकाच दिशेने जाणारी बंद पाकिटं. कुलूप कसलं आणि किल्ली कुणाकडे, एवढाच काय तो पुढच्या तीस वर्षांचा इतिहास.

१९९६ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टमध्ये पीपीटीपी नावाची पद्धत घडली. तिच्या कर्त्यांत गुरदीप सिंग पाल हा भारतीय अभियंता होता. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या टोपणनावाने वावरणारा त्याचा सहकारी यांनी मायक्रोसॉफ्टने केलेल्या पीपीटीपीच्या मांडणीतली कुलपं किती कच्ची आहेत ते दाखवून दिलं. २००१ मध्ये जेम्स योनान या प्रोग्रामरने ओपनव्हीपीएन लिहिलं. मध्य आशियात फिरताना ऑफिसचं काम तिकडच्या अनोळखी जाळ्यांवरून करावं लागलं, तेव्हा त्याला ही निकड जाणवली. ओपनव्हीपीएन आजही धडधाकट आहे, पण सरकारी कचेरीतल्या फायलीसारखं, जाडजूड. मग आला जेसन डोनेनफेल्ड आणि त्याचं वायरगार्ड. लिनक्ससाठी लिहिलेला त्याचा गाभा सुमारे ४,००० ओळींचा. एखादा जाणकार आठवडाभरात तो वाचून काढू शकेल. मार्च २०२० च्या शेवटी, लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीबरोबर, वायरगार्ड थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये जाऊन बसलं. त्याच आठवड्यात आपल्याकडे लॉकडाऊन सुरू झालं होतं आणि व्हीपीएन हा शब्द ऑफिसातून घराघरांत शिरत होता.

मी वायरगार्ड घेतलं ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात असतो. त्याने मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये छोटासा सर्व्हर भाड्याने घेऊन दिला आणि वर म्हणाला, ‘मामा, बटणवालं अॅप नको घेऊस. टर्मिनलवरनं कर. एकदा हाताने केलंस की पुन्हा विचारायला येणार नाहीस.’ त्याचा स्वार्थ उघड होता, पण सल्ला खरा निघाला. अॅपमधलं हिरवं बटण ‘तुम्ही सुरक्षित आहात’ एवढंच सांगतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आपण काय मागितलं आणि काय मागायचं विसरलो, ते दोन्ही अक्षरशः लिहिलेलं असतं.

सुरुवात एका ओळीची: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल वायरगार्ड’. उबुंटू किंवा डेबियन असेल तर एवढ्यावर भागतं. मग किल्ल्या काढायच्या. ‘डब्ल्यूजी जेनकी’ म्हटलं की खासगी किल्ली मिळते. ती ‘डब्ल्यूजी पबकी’च्या हवाली केली की तिची जोडीदार, सार्वजनिक किल्ली मिळते. खासगी किल्ली आपल्या यंत्राबाहेर कधीच जात नाही. सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची आणि त्याची आपण घ्यायची. कुलूप लावायला इतकं पुरतं. ज्या फाइलीत खासगी किल्ली ठेवाल ती दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून आधी ‘यूमास्क ०७७’ करून घ्यावं. हे न करणाऱ्यांची संख्या मोठी असावी, कारण फाइलीचे दरवाजे सताड उघडे दिसले की वायरगार्ड स्वतःहून ताकीद देतं.

दोन्ही किल्ल्या दिसायला जुळ्या बहिणी. ४४ अक्षरं, शेवटी बरोबरचं चिन्ह. कुठली घरातली आणि कुठली बाहेर द्यायची, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. मी भाच्याला किल्ली पाठवली आणि मिनिटभरात त्याचा फोन आला.

‘मामा, ही खासगी आहे.’

‘मग? घरातल्या घरातच आहे की.’

‘घरातल्या घरात व्हॉट्सअॅपवरून आली. फेकून दे, नवी जोडी काढ.’

काढली. त्याने ती पुन्हा तपासून घेतली, हे वेगळं सांगायला नको.

मग एक छोटी मजकुराची फाइल. तिचे दोन भाग. पहिला आपला: आपली खासगी किल्ली, भुयाराच्या आतला आपला पत्ता आणि डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांची नावं कुणाला विचारायची ते. दुसरा समोरच्याचा: त्याची सार्वजनिक किल्ली, त्याचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट, जो बहुधा ५१८२० असतो. आणि एक ओळ, जिच्यावर सगळं अवलंबून असतं. ‘अलाउड आयपीज’. कुठल्या पत्त्यांकडे जाणारी पॅकेटं भुयारातून जाऊ द्यायची, ते ही ओळ ठरवते. फक्त ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला तर तेवढंच भुयारातून जातं, बाकी सगळं नेहमीच्या रस्त्याने. सगळंच आत घ्यायचं तर चार शून्यं आणि तिरकी रेघ देऊन पुन्हा शून्य.

इथेच आमेरच्या वाटेचं उघडं छत आठवतं. चार शून्यं म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे सगळे पत्ते. सहाव्या आवृत्तीचे पत्ते त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी दोन अपूर्णविराम आणि तिरकी रेघ, मग शून्य, अशी वेगळी नोंद करावी लागते. परदेशी लेखांतून नक्कल करून घेतलेल्या फाइलींत ती नोंद बऱ्याचदा नसते. आपल्याकडे ही चूक जास्त महागात पडते, कारण जिओसारख्या मोठ्या मोबाइल जाळ्यावरची बरीचशी वाहतूक सहाव्या आवृत्तीनेच होते. मोबाइलचा हॉटस्पॉट, भुयार चालू, टर्मिनलवर सगळं हिरवंगार, आणि निम्मी पॅकेटं उघड्या आकाशाखालून चाललेली. डीएनएसचंही तसंच. संकेतस्थळाचं नाव विचारायची चिठ्ठी भुयाराबाहेरून गेली, तर कुठे चाललात ते ब्रॉडबँडवाल्याला कळतंच, मग तुम्ही कितीही झाकून जा. आणि डेबियनवर डीएनएसची ओळ लिहिली की ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ सापडत नाही म्हणून पहिल्याच फटक्यात गाडी अडते. ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. वैतागून ती ओळच पुसणारे लोक मला माहीत आहेत. मीही एकदा पुसली होती.

शेवटची ओळ ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ची, तिच्यापुढे २५. घरच्या राउटरला विस्मरणाचा रोग असतो. थोडा वेळ काही गेलं-आलं नाही की कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं ते तो विसरतो. म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवून त्याला जागं ठेवायचं. एवढं झालं की ‘डब्ल्यूजी-क्विक अप’ आणि पुढे फाइलीचं नाव. बंद करायला तीच ओळ, ‘अप’च्या जागी ‘डाउन’.

अप म्हटल्यावर जोडणी झाली की नाही ते कळतच नाही, आणि नवख्याची सगळ्यात मोठी पंचाईत ही. ‘जोडलं गेलं’ असा निरोप नाही, ‘चुकलं’ असाही नाही. वायरगार्ड स्वभावाने घुमं आहे. ओळखीची किल्ली घेऊन आलेल्याशीच ते बोलतं, अनोळखी माणसाने दार वाजवलं तर ‘कोण?’ असंही विचारत नाही. बाहेरून चाचपणाऱ्या चोराला तिथे दार आहे हेच कळू नये, हा त्यातला हेतू. पण तुमची किल्ली एका अक्षराने चुकली तर तुम्हीही त्याच्या लेखी चोरच. मग विचारायचं ‘डब्ल्यूजी शो’ला. त्याच्या उत्तरात दोन ओळी पाहायच्या. ‘लेटेस्ट हँडशेक’, म्हणजे दोन्ही टोकांनी शेवटचं हस्तांदोलन कधी केलं ती वेळ, आणि ‘ट्रान्सफर’, म्हणजे किती आलं, किती गेलं.

माझ्या बिघाडाच्या दिवशी या दोन ओळींनीच बोट धरून नेलं. हस्तांदोलन तीन मिनिटांपूर्वीचं, मग चार, मग पाच. गेलेल्याचा आकडा दर पाच सेकंदांनी थोडा वाढायचा, आलेल्याचा जागच्या जागी. वायरगार्डची हस्तांदोलनाची विनंती १४८ बाइटची असते आणि उत्तर आलं नाही तर पाच सेकंदांनी ती पुन्हा जाते. म्हणजे माझं यंत्र हात पुढे करत होतं आणि मुंबईचा सर्व्हर हात मागे घेत होता. तीन मिनिटांपूर्वी याच किल्लीने हात दिला होता की! किल्ली तीच, पत्ता तोच, सर्व्हर शाबूत.

या कोड्याचं उत्तर सापडेपर्यंत मधल्या काळात मी भुयार बंद करून काम केलं. आणि खरं सांगायचं तर फार काही बिघडलं नाही. आज बहुतेक संकेतस्थळांशी आपलं बोलणं तसंही कुलूपबंद असतं. कॅफेवाल्याला तुम्ही कुठल्या बँकेच्या दारात गेलात ते कळेल, खात्यात किती आहेत ते नाही. व्हीपीएन विकणाऱ्यांच्या जाहिराती जे भय दाखवतात त्यातलं बरंचसं दहा-पंधरा वर्षं जुनं आहे. भुयाराने होतं ते इतकंच, की ब्रॉडबँडवाल्याला जे दिसत होतं ते आता भुयाराच्या पलीकडच्या तोंडाशी बसलेल्याला दिसतं. विश्वास कुणावर ठेवायचा तो माणूस बदलतो. फुकट व्हीपीएन देणारा हा माणूस कोण, हा प्रश्न म्हणून मला कुलपाच्या मजबुतीपेक्षा मोठा वाटतो.

सरकारला मात्र भुयाराच्या अलीकडच्या तोंडाचा माणूस हवा होता. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने आदेश काढला: डेटा सेंटर, भाड्याचे सर्व्हर आणि व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचं कारण ही माहिती नोंदवायची आणि ग्राहक सोडून गेल्यावरही किमान पाच वर्षं जपायची. कंपन्यांची आपल्या नोकरांसाठीची अंतर्गत भुयारं यातून वगळली, असा खुलासा नंतर झाला. ‘आम्ही नोंदी ठेवतच नाही’ हेच ज्यांचं भांडवल, त्या कंपन्यांची अडचण झाली. जूनमध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन आणि सर्फशार्कने भारतातले सर्व्हर काढून घेत असल्याचं जाहीर केलं, नॉर्डव्हीपीएननेही तीच वाट धरली. एक्स्प्रेसव्हीपीएनच्या यादीत ‘भारत’ राहिला, पण त्याची यंत्रं सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये गेली. आदेशाची मुदत पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढली. व्हीपीएन वापरणं मात्र या आदेशाने गुन्हा ठरलं नाही. माझा मुंबईचा सर्व्हर भाच्याच्या नावावर, ओळखपत्रासकट आहे. लपायचं कधी नव्हतंच, प्रकाशकाची पानं नीट पोचावीत एवढीच गरज.

जयपुरात राहिल्यावर आणखी एक भ्रम गळून पडतो. राजस्थानात भरतीच्या परीक्षेला मोबाइल इंटरनेट बंद करण्याची रीत पडली होती. २६ सप्टेंबर २०२१ ला शिक्षकांची ‘रीट’ परीक्षा झाली. लाखो उमेदवार बसले होते आणि जयपूरसह अनेक जिल्ह्यांत त्या दिवशी मोबाइल इंटरनेट बंद होतं. अशा वेळी लोक विचारतात, ‘व्हीपीएन लावलं तर चालेल का?’ नाही चालणार. एखादं संकेतस्थळ अडवलं असेल तर भुयार त्याला वळसा घालतं, पण रस्ताच उखडला असेल तर भुयार खणायला जमीन कुठून आणणार? बिकानेरला त्या दिवशी चपलेत ब्लूटूथ यंत्र लपवलेले उमेदवार पकडले गेले. पेपर फुटायचा तो फुटलाच आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परीक्षेचा दुसरा स्तर सरकारला रद्द करावा लागला. नेट बंद होतं म्हणून कुणाची कॉपी थांबली, ते मला तरी दिसलं नाही. रिक्षावाल्यांना दिवसभर सुट्ट्या पैशांचा त्रास झाला तेवढा खरा.

आता कोड्याकडे. उलगडा झाला तो जंतर-मंतरमध्ये, अगदी योगायोगाने. पुण्याहून पाहुणे आले म्हणून गेलो होतो. सवाई जयसिंहाने १७३४ पर्यंत उभारलेल्या या वेधशाळेत सम्राट यंत्र आहे, २७ मीटर उंचीचं दगडी सूर्यघड्याळ. त्याची सावली आपल्या डोळ्यांदेखत सरकते. दोन सेकंदांपर्यंतचा फरक त्यावर वाचता येतो. जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा मूळचा महाराष्ट्रातला पंडित होता. टॉलेमीचा ग्रंथ त्याने अरबीतून संस्कृतात आणला, युक्लिडचाही. ही फुशारकी मी पाहुण्यांना ऐकवत असताना त्यांच्यातली लहान मुलगी म्हणाली, ‘पण हे घड्याळ तर मागे आहे!’ मागे नव्हतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंश. म्हणजे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वर ऋतूप्रमाणे थोडी घट-वाढ. दोन घड्याळं, दोन्ही बरोबर, फक्त कुठून मोजायचं ते वेगळं.

दोन घड्याळं! मी तिथेच पायरीवर बसलो.

माझ्या लॅपटॉपवर दोन संसार आहेत. लिनक्स नेहमीच्या कामाला, आणि विंडोज जुन्या पेजमेकरच्या आणि श्रीलिपीतल्या फायली आल्या की. मराठी प्रकाशनात असलेल्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. लॅपटॉपच्या पोटात बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. रात्री विंडोजमध्ये काम केलं की घड्याळात भारतीय वेळ बसायची. सकाळी सातला लिनक्स उठून ते ‘सात’ ग्रिनिचचे समजायचं, त्यात भारताचे साडेपाच तास मिळवायचं आणि साडेबारा वाजले असं धरून चालायचं. मग इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून चूक सुधारायचं. पण माझी चार शून्यांची ओळ होती ना! वेळ विचारायची चिठ्ठीसुद्धा भुयारातूनच जाणार. म्हणजे आधी हस्तांदोलन, आणि तेही साडेबाराच्या शिक्क्यानिशी.

वायरगार्ड हस्तांदोलनाच्या प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का मारतं. कुणी जुनी विनंती चोरून पुन्हा पाठवली तर ती ओळखता यावी, म्हणून समोरचा सर्व्हर शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना दिसला की विनंती गुपचूप टाकून देतो. हस्तांदोलन साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतं, आधीच्या हस्तांदोलनात ठरलेली तात्पुरती किल्ली तीन मिनिटांनी मरते. आता जुळवा. सातला साडेबाराचा शिक्का गेला, सर्व्हरने तो वहीत लिहिला. काही सेकंदांत माझं घड्याळ दुरुस्त होऊन सातवर आलं. दोन मिनिटांनी सात वाजून दोन मिनिटांचा शिक्का गेला. सर्व्हर म्हणाला, ही तर शिळी विनंती. तीन मिनिटांनी भुयार बंद. आणि खरे साडेबारा वाजून गेले की माझा शिक्का वहीतल्या शिक्क्याच्या पुढे जायचा आणि दार आपोआप उघडायचं. चोराला अडवायची युक्ती चोख चालत होती. चोर फक्त मीच होतो, उद्याकडून आलेला.

सर्ट-इनचा तो २०२२ चा आदेश मी पुन्हा काढून वाचला. व्हीपीएनच्या नोंदींवरून एवढा गदारोळ झाला, की त्यातलं पहिलंच कलम कुणी फारसं वाचलं नाही. ते घड्याळाचं आहे: सेवा देणाऱ्यांनी, कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपापली यंत्रं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत. नोंद कितीही जपली, तरी दोन यंत्रांची वेळ जुळत नसेल तर कोण आधी आणि कोण नंतर ते सांगता येत नाही.

भाच्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मामा, विंडोजलाच ग्रिनिचची वेळ पाळायला सांग. रजिस्ट्रीत एक नोंद आहे, पाठवतो.’ ती नोंद केली. लिनक्सच्या बाजूने ‘टाइमडेटसीटीएल’ला विचारून घेतलं की पोटातलं घड्याळ ग्रिनिचचंच आहे ना. रात्री मुद्दाम विंडोज उघडून श्रीलिपीतलं एक जुनं प्रकरण चाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लिनक्स सुरू केलं. घड्याळात सातच. भुयार उघडलं. चहा गॅसवर ठेवून आलो आणि ‘डब्ल्यूजी शो’ पुन्हा पुन्हा टंकत बसलो. लेटेस्ट हँडशेक: १ मिनिट ४१ सेकंद. १ मिनिट ५३ सेकंद. मग २ सेकंद. तोवर चहा उतू गेला होता.